एक वर्षाची मुदत: सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि ‘मिशन’ या शब्दाचा उलटा प्रवास

१/
१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ ही आगबोट पूर्वेकडे निघाली. तिच्यावर पाच भारतीय डॉक्टर होते. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला साहाय्य करण्यासाठी काँग्रेसने पाठवलेले हे वैद्यकीय पथक होते आणि त्याची मुदत होती एक वर्ष. पाचांतील एक डॉक्टर सोलापूरचे होते, वय २७ वर्षे. नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस. ते परतले नाहीत, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्या एका वर्षाचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही. आजचा धागा त्या मुदतीविषयी आहे.

२/
आरंभ ‘मिशन’ या शब्दापासून करावा लागेल, कारण सोलापूरला तो नवा नव्हता. अमेरिकेतील बोस्टन येथील प्रोटेस्टंट ख्रिस्ती संस्थेने, अमेरिकन बोर्डाने, १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरात आपले काम सुरू केले. हेच पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणून ओळखले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापूर हे या मिशनचे एक ठाणे झाले. चर्च उभे राहिले, शाळा निघाल्या. मुलींची वोरोनोको शाळा आणि मेरी हार्डिंग यांची बालवाडी ही त्या कामाची ठळक उदाहरणे.

३/
सोलापूरहून फार दूर नसलेल्या मिरजेत आणखी एक मिशन होते, प्रेस्बिटेरियन पंथाचे. डॉ. विल्यम वान्लेस १८८९ साली भारतात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेचे रुग्णालय उभारले आणि १८९७ साली तेथे वैद्यकीय शिक्षण सुरू केले. १९२८ साली निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. दक्षिण महाराष्ट्रातील माणसाच्या मनात ‘मिशन’ आणि ‘डॉक्टर’ हे शब्द जोडीने उमटत, ते मिरजेमुळे.

४/
या मिशनांविषयी तत्कालीन समाजात दोन मते होती. धर्मांतराचा हेतू उघड होता आणि त्याला विरोधही तितकाच उघड होता. परंतु एक गोष्ट विरोधकही नाकारत नसत: ही माणसे येथे राहत. मराठी शिकत, मराठीत व्याख्याने देत, येथील उन्हाळे सोसत. काहींच्या कबरीही येथेच झाल्या. परदेशातून सेवेसाठी येणे म्हणजे आयुष्याची वीस-तीस वर्षे देणे, असा त्या काळचा अर्थ होता. आज चर्चच्या वतीने दोन आठवड्यांसाठी किंवा एका उन्हाळ्यापुरते परदेशी सेवेला जाण्याची जी प्रथा जगभर रूढ झाली आहे, ती बरीच नंतरची.

५/
१९३८ साली या प्रवासाची दिशा उलटली. आजवर परदेशातून मिशन सोलापूरला येत असे. आता सोलापूरचा माणूस मिशनवर परदेशी निघाला. या मिशनला धर्म नव्हता, चर्च नव्हते. ते पाठवणारा देश स्वतःच परतंत्र होता. तरीही नाव तेच होते: इंडियन मेडिकल मिशन.

६/
पार्श्वभूमी थोडक्यात अशी. ७ जुलै १९३७ रोजी बीजिंगजवळच्या लुगौ पुलावर चकमक झाली आणि जपानने चीनविरुद्ध सर्वंकष युद्ध आरंभले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. हा संपर्क जुळवण्यात अमेरिकन पत्रकार अ‍ॅग्नेस स्मेडली यांचा वाटा होता. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला निधीचे आवाहन केले. सुमारे २२,००० रुपये जमले. एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच स्वयंसेवक डॉक्टर असे पथक ठरले.

७/
पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदन मोहनलाल अटल. स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा करून ते आले होते. दुसरे नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर, वयाने ज्येष्ठ. कलकत्त्याचे दोघे: डॉ. देबेश मुखर्जी आणि डॉ. बिजय कुमार बसू. बसूंची निवड अगदी शेवटी झाली. आधी ठरलेल्या डॉक्टरांना ब्रिटिश सरकारने पारपत्र नाकारले होते. पाचवे कोटणीस.

८/
कोटणिसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वडील शांताराम कोटणीस गिरणीच्या कचेरीत नोकरीस होते आणि नगरपालिकेच्या कारभारातही त्यांचा सहभाग होता. घर मध्यमवर्गीय, भावंडे बरीच. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून द्वारकानाथ डॉक्टर झाले. पुढील शिक्षणाची तयारी चालू असतानाच काँग्रेसचे आवाहन आले आणि त्यांनी नाव दिले. घराला आधार देण्याची वेळ आली असताना थोरल्या वयाचा कमावता होऊ पाहणारा मुलगा परदेशी निघाला. वडिलांनी संमती दिली.

९/
हे घडले त्या सोलापुराची हवा लक्षात घ्यावी लागते. १९३० साली येथील नगरपालिकेच्या इमारतीवर तिरंगा फडकला होता. त्याच वर्षी मे महिन्यात गोळीबार झाला, शहराचा कारभार काही दिवस जणू जनतेच्याच हाती आला आणि सरकारने लष्करी कायदा पुकारला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना फाशी झाली. त्या दिवशी कोटणीस वीस वर्षांचे होते. सार्वजनिक कार्यासाठी घर सोडणे ही कल्पना या शहरात पुस्तकी राहिली नव्हती.

१०/
आता त्या वर्षाचा हिशेब पाहू. १७ सप्टेंबर १९३८ रोजी पथक कँटनला पोहोचले. स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग स्वतः होत्या. पुढे चांगशा, मग वुहान. परंतु ऑक्टोबरमध्ये कँटन पडले आणि वुहानही पडले. आघाडी जशी मागे सरकली तसे पथकही मागे सरकले: यीचांग, मग यांगत्से नदीने वर चोंगकिंग, जे तेव्हा चीनची युद्धकालीन राजधानी होते.

११/
या काळात काम अगदी नव्हते असे नाही. ठिकठिकाणच्या रुग्णालयांत डॉक्टरांनी जखमींवर उपचार केले. परंतु एका जागी जम बसण्याआधीच पुढचा मुक्काम येई. भाषा येत नव्हती. प्रत्येक रुग्णाशी बोलायला दुभाषा लागे. सत्कार, मेजवान्या, भाषणे मात्र भरपूर. दूरच्या मित्रराष्ट्राने पाठवलेल्या पाहुण्यांचे जे होते, तेच या पाचांचे होत होते. त्यांची भेट मोलाची होती. हातांचा उपयोग त्या मानाने थोडा होता.

१२/
चोंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. शांतिनिकेतनातील चीन भवनाचे संस्थापक तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. त्याचा अर्थ चीन. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. दुसरी गोष्ट म्हणजे सोलापूरहून आलेली बातमी: वडील वारले.

१३/
परतण्यासाठी याहून रास्त कारण असू शकत नव्हते. घरी आई होती, भावंडे होती, कर्ता पुरुष गेला होता. पथकाच्या सहकाऱ्यांनी परत जाण्याचा सल्लाही दिला. कोटणीस परतले नाहीत. आपण ज्यासाठी आलो ते काम अजून सुरूच झालेले नाही, ही त्यांची अडचण होती. या निर्णयाचे मोल सोलापुरातील घराने चुकवले. पुढे सिनेमात आणि भाषणांत हा प्रसंग केवळ त्यागाचा म्हणून रंगवला गेला. त्यात एका कुटुंबाची ओढाताणही होती, हे विसरता कामा नये.

१४/
२२ जानेवारी १९३९ रोजी पथकाने चोंगकिंग सोडले आणि १२ फेब्रुवारीला ते येनानला, म्हणजे कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर पोहोचले. मुंबई सोडून साडेपाच महिने झाले होते. बारा महिन्यांच्या मिशनमधील जवळजवळ निम्मे दिवस इच्छित स्थळी पोहोचण्यातच संपले होते.

१५/
येनानमध्ये प्रथमच स्थिर काम मिळाले. लोएस मातीच्या डोंगरांत खोदलेल्या गुहा हीच तेथील रुग्णालये होती. येथेच कोटणीस चिनी भाषेच्या मागे लागले. बोलण्यापुरती नव्हे, लिहिण्या-वाचण्यापुरती. दरम्यान पथक विरळ होऊ लागले. १९३९ सालीच चोळकर परतले, प्रकृतीच्या कारणाने मुखर्जी परतले. १९४० साली अटलही आजारामुळे भारतात आले. यात कमीपणा काहीच नाही. त्यांनी कबूल केलेली मुदत पाळली होती, किंवा शरीराने साथ सोडली होती.

१६/
सप्टेंबर १९३९ मध्ये एक वर्ष पूर्ण झाले. त्या दिवशी कोटणीस परतले असते, तर इतिहासात त्यांच्या नावावर काय राहिले असते? एक धाडसी प्रवास, काही महिन्यांची रुग्णसेवा, चिनी नेत्यांच्या भेटी आणि सोलापुरात एक जंगी सत्कार. प्रत्यक्ष आघाडी तोवर त्यांनी पाहिलीही नव्हती. ती पाहण्यासाठी ते नोव्हेंबर १९३९ मध्ये येनानहून निघाले, म्हणजे मुदत उलटून गेल्यावर.

१७/
त्याच नोव्हेंबरमध्ये उत्तर चीनच्या डोंगरांत एक मृत्यू झाला. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून जखमीवर शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी वारले. ते स्वतः कम्युनिस्ट. वडील प्रेस्बिटेरियन पाद्री. आघाडीच्या मागे रुग्णालय ठेवून जखमींची वाट पाहण्याऐवजी डॉक्टरनेच जखमीपर्यंत जावे, ही त्यांची पद्धत. आणि चिनी तरुणांना शिकवल्याशिवाय परदेशी डॉक्टरचा उपयोग टिकत नाही, हे त्यांचे मत.

१८/
बेथून यांच्या कामात चर्चची दोन माणसेही गुंतली होती. त्यांची उदाहरणे या धाग्याच्या विषयाला फार जवळची आहेत.

पहिले डॉ. रिचर्ड ब्राऊन. कॅनडाच्या अँग्लिकन चर्चचे हे मिशनरी डॉक्टर हनान प्रांतातील आपल्या रुग्णालयातून रजा घेऊन १९३८ च्या वसंतात येनानला आले आणि बेथून यांच्यासोबत वुताई पर्वताच्या प्रदेशात गेले. ते मोजके काहीच महिने राहिले. पण ते काही महिने वाया गेले नाहीत, कारण ब्राऊन यांना चिनी भाषा अवगत होती आणि बेथून यांना नव्हती. अल्पकाळाच्या त्या सेवेमागे चीनमधील अनेक वर्षांचे वास्तव्य उभे होते.

१९/
दुसऱ्या कॅथलीन हॉल. न्यूझीलंडच्या अँग्लिकन मिशनरी परिचारिका. हेबेई प्रांतातील सोंगजियाझुआंग या डोंगरी खेड्यात त्या छोटेसे रुग्णालय चालवत. परदेशी मिशनरी म्हणून त्यांना जपानी ताब्यातील बीजिंगमध्ये ये-जा करता येई. या सवलतीचा लाभ घेऊन त्या औषधे विकत आणत आणि बेथून यांच्या रुग्णालयांपर्यंत पोहोचवत. जपान्यांना हे कळले तेव्हा त्यांनी त्यांचे ठाणे जाळले आणि हॉल यांना चीनमधून बाहेर काढण्यात आले. श्रद्धाळू ख्रिस्ती परिचारिका आणि नास्तिक शल्यविशारद यांची ही जोडी ‘मिशन’ या शब्दाच्या व्याख्येत सहजी बसत नाही.

२०/
याच हॉल यांच्या मदतीने बीजिंगच्या युनियन मेडिकल कॉलेजातील एक तरुण परिचारिका त्या डोंगराळ प्रदेशात आली. नाव गुओ चिंगलान, गाव शान्शी प्रांतातील फनयांग. हे कॉलेज १९०६ साली मिशनरी संस्थांनी स्थापन केले होते. पुढे ते रॉकफेलर यांच्या निधीवर चालले. आणि फनयांगचे मिशन? तेथील शाळा व रुग्णालय चालवणारी संस्था होती बोस्टनचे अमेरिकन बोर्ड, म्हणजे सोलापुरात वोरोनोको शाळा काढणारे तेच बोर्ड. सोलापूर आणि फनयांग ही दोन गावे एकमेकांना कधी ओळखत नव्हती, पण एकाच संस्थेच्या वार्षिक अहवालांत दोघांचे नाव येत होते.

२१/
कोटणीस आणि बसू जून १९४० मध्ये या प्रदेशात पोहोचले. २१ जूनला बेथून यांच्या समाधीच्या समारंभास ते उपस्थित होते. गुओ यांनी कोटणिसांना प्रथम पाहिले ते तेथेच. थोड्याच काळात बसू येनानला परतले आणि कोटणीस मागे राहिले. पाच जणांच्या पथकातील या आघाडीवर आता एकच भारतीय डॉक्टर होता.

२२/
ऑगस्ट १९४० मध्ये जपानी रेल्वेमार्गांवर आठव्या मार्ग सेनेने मोठी मोहीम उघडली. ती ‘शंभर रेजिमेंटांची मोहीम’ म्हणून ओळखली जाते. त्या काळातील एका लढाईत तेरा दिवसांत कोटणिसांच्या तुकडीकडे ८०० हून अधिक जखमी आले आणि त्यांतील ५५८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या, अशी नोंद आहे. झोपेविना काढलेल्या रात्रींची कथा याच दिवसांतील. मुंबई सोडून तेव्हा दोन वर्षे झाली होती.

२३/
जानेवारी १९४१ मध्ये हेबेई प्रांतातील तांग परगण्यातील गगोंग गावी असलेल्या ‘बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालया’चे पहिले संचालक म्हणून कोटणिसांची नेमणूक झाली. येथे मुदतीचा हिशेब पूर्ण होतो. १ सप्टेंबर १९३८ पासून जानेवारी १९४१ पर्यंत २८ महिने. ज्या पदामुळे चीन त्यांना आजही ओळखतो, ते पद मिळायला मूळ मुदतीच्या दुपटीहून अधिक काळ लागला. रणांगणावरील शस्त्रक्रिया, संचालकपद, अध्यापन, सारे काही त्या एका वर्षाबाहेरचे आहे.

२४/
रुग्णालय या शब्दाने मोठी इमारत डोळ्यांसमोर आणू नये. शेतकऱ्यांच्या घरांत विखुरलेल्या खाटा, जपानी फौजा जवळ आल्या की रुग्णांसह डोंगरात हलवायचे सामान, तुटपुंजी औषधे. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय शाळा होती. तेथे कोटणीस शल्यशास्त्र शिकवत, चिनी भाषेत. त्याच भाषेत ते विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहीत होते. गावकरी त्यांना आपल्यातलाच मानू लागले होते. दुभाषाची गरज केव्हाच संपली होती.

२५/
पाहुणा डॉक्टर आणि तेथला डॉक्टर यांतील फरक या पाठ्यपुस्तकात दिसतो. पाहुणा डॉक्टर रुग्ण बरा करतो. तो गेल्यावर पुढच्या रुग्णाला कोणी नसते. शिकवणारा डॉक्टर आपल्यामागे हात ठेवून जातो. वान्लेस यांनी मिरजेत रुग्णालयाच्या जोडीने वैद्यकीय शिक्षण सुरू केले ते याच विचाराने. सोलापूरच्या बालवाडीसोबत शिक्षिकांचे प्रशिक्षण आले तेही याच विचाराने. आणि हे काम एका वर्षात होत नाही, कारण शिकवण्यासाठी आधी शिकावे लागते: भाषा, माणसे, त्यांचे खाणेपिणे, त्यांची भीती.

२६/
२५ नोव्हेंबर १९४१ रोजी कोटणीस आणि गुओ चिंगलान यांचा विवाह झाला. ७ जुलै १९४२ रोजी, युद्धाच्या पाचव्या वर्धापनदिनी, कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगझेन यांनी त्याचे नाव ठेवले यिनहुआ: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

२७/
पण प्रकृती ढासळत होती. अपस्माराचे झटके येऊ लागले होते. अपुरा आहार, सततची धावपळ आणि जपानी मोहिमांचा ताण यांत उपचाराला वाव नव्हता. उपचारासाठी आघाडी सोडून जावे, असा सल्ला सहकाऱ्यांनी दिला; तो त्यांनी मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ च्या पहाटे एका तीव्र झटक्यानंतर त्यांचे निधन झाले. वय ३२ वर्षे. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. पाठ्यपुस्तकाचे लेखन अपुरे राहिले.

२८/
बसू १९४३ साली भारतात परतले. पाचांत सर्वाधिक काळ राहून परतणारे तेच. ते परतले म्हणून कमी ठरले का? १९५८ साली ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात ती उपचारपद्धती त्यांनी रुजवली. परतणारा माणूसही आपल्यासोबत काही आणू शकतो, पण त्यासाठी तेथे शिष्य होण्याची तयारी लागते. पहिल्या खेपेला बसू द्यायला गेले होते, दुसऱ्या खेपेला घ्यायला.

२९/
यानंतरची कथा प्रसिद्ध आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकाचाच अर्थ ‘आणि एक परत आला नाही’ असा होतो. त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. नायकाची भूमिका त्यांनी स्वतः केली, गुओ यांची भूमिका जयश्रीबाईंनी. सोलापूरचे नाव या चित्रपटाने घरोघरी नेले.

३०/
लोकस्मृतीने मात्र यातून एकच सूत्र उचलले: जो मेला तो मोठा. वास्तविक मृत्यू हा या कथेतील अपघात आहे. अपस्माराने गाठले नसते, तर १९४५ नंतर कोटणीस कदाचित पत्नी-मुलासह सोलापूरला आले असते, आणि तरीही गगोंगमध्ये त्यांनी शिकवलेले विद्यार्थी तेथे राहिलेच असते. त्यांच्या कामाचे मोजमाप त्या विद्यार्थ्यांवरून करावे लागते.

३१/
स्मृतीचा राजकीय उपयोगही झाला. १९६२ च्या युद्धानंतर भारत-चीन संबंध गोठले, तेव्हा हे नाव उच्चारणे अवघड झाले. संबंध सुधारू लागले तेव्हा तेच नाव दोन्ही बाजूंना सोयीचे वाटू लागले. भारतात येणाऱ्या चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबीयांची भेट घेणे हा जणू राजशिष्टाचाराचा भाग झाला. हेबेईतील शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे, बेथून यांच्या समाधीच्या सान्निध्यात. सोलापुरात भैय्या चौकातील त्यांच्या घरी स्मारक झाले असून ते २०१२ साली लोकांसाठी खुले झाले.

३२/
राजनीतीच्या या हारतुऱ्यांत एक करुण तपशील हरवतो. यिनहुआ मोठा होऊन वैद्यकीय शिक्षण घेत होता. १९६७ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, तो वारला. गुओ चिंगलान २०१२ सालापर्यंत जगल्या. अखेरची वर्षे त्या दालियान शहरात होत्या. पतीच्या देशाशी त्यांनी नाते तोडले नाही. सोलापूरच्या घराने वडील आणि मुलगा गमावले. चीनमधील घराने पती आणि मुलगा.

३३/
आज सेवेसाठी अल्पकाळ परदेशी जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. चर्चचे गट जातात, महाविद्यालयीन स्वयंसेवक जातात, डॉक्टरांची शिबिरे जातात. भारतातही येतात, भारतातूनही जातात. अशा सेवेवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: जाणाऱ्याला जितके मिळते तितके तेथल्या माणसाला मिळत नाही. १९३८ चे पथक या आक्षेपाला सरळ होकारही देत नाही आणि नकारही देत नाही.

३४/
पहिल्या वर्षात पथकाने दिलेली वैद्यकीय मदत चीनच्या गरजेपुढे नगण्य होती. पण परतंत्र देशातील लोकांनी वर्गणी काढून दुसऱ्या देशासाठी डॉक्टर पाठवले, ही गोष्ट चिनी जनतेला धीर देणारी होती. भेट म्हणून त्या वर्षाचे मोल होते. सेवा म्हणून मोल सुरू झाले ते भाषा आल्यावर, हुकूम देण्याऐवजी घेण्याची सवय लागल्यावर आणि आपल्यामागे कोण, हा प्रश्न पडल्यावर.

३५/
ब्राऊन थोडेच महिने राहिले, पण भाषा घेऊन आले होते. हॉल वर्षानुवर्षे राहिल्या आणि हद्दपार झाल्या. बसू परतले, पुन्हा शिकायला गेले. चोळकर, मुखर्जी आणि अटल यांनी आपला शब्द पाळला. या सर्वांना एकाच मापाने तोलता येत नाही. परंतु सोलापूरच्या डॉक्टरांचा २८ महिन्यांचा हिशेब एवढे नक्की सांगतो, की तिकीट परतीचे असले तरी काम परतीच्या तारखेला बांधून घेता येत नाही. ज्यांना लवकर परतायचेच असते त्यांनी, निघण्यापूर्वी, आपण गेल्यावर तेथे कोण उरणार आहे, एवढे तरी विचारून निघावे.

(धागा समाप्त)